जूनमधलं ऊन

तोलाकोयो
४ मे १९९७

कासिल्दा,

वाल्तेरने तुझं पत्र आणि वाळवलेले मासे दोन्ही नीट पोचवले. त्याला मक्याची गरम आपी प्यायला थांब म्हटलं, तर म्हणाला, "ताई, शेटचा ट्रक आहे, माझा नाही." उभ्या उभ्याच प्यायला आणि जीभ भाजून घेऊन गेला. आता तो परत निघेल तेव्हा हे पत्र त्याच्याच हाती देईन. फोन करणार होते, पण गावात फोन एकच आणि तो आबुंदियोशेटच्या पुतणीच्या दुकानात. तिथे बोलणारा एक आणि ऐकणारे दहा.

शेट तुझ्या नवऱ्याचा मालक, म्हणून आधीच सांगते, रागावू नकोस. शेटची इमारत आता चौथ्या मजल्यावर आली आहे. आपल्या घराच्या बरोबर उत्तरेला, म्हणजे हिवाळ्यात सूर्य जिकडून येतो तिकडे. अंगणात पूर्वी नऊ वाजता ऊन यायचं. आता एक वाजता विटेएवढी पट्टी येते आणि आईने खुर्ची हलवेपर्यंत जाते. अजून मे आहे, खरा हिवाळा जूनमध्ये. पिंपातल्या पाण्यावरचा बर्फ दुपारपर्यंत तसाच असतो. आई दिवसभर शाल पांघरून खोकते आणि मला म्हणते, "मी नाही खोकत, कोंबडी असेल."

गेल्या वर्षी शेटचं हॉटेल झालं, तेव्हा त्याच्या सावलीत लुक्रेसियाचं घर गेलं. तिचं बाळ जुलैमध्ये छाती भरून गेलं, हे मी तुला तेव्हा कळवलं होतं. त्याला पुरलं त्या दिवशी लुक्रेसियाने मला विचारलं, "तू नगरसेविका ना? मग तुम्ही तिथे बसून करता काय?" 

तिला द्यायचं उत्तर आता सापडलं. बांधकामाचे नियम बदलायचा ठराव मी मांडते आहे. नवा नियम साधा आहे: कोणीही कितीही पैसेवाला असो, त्याच्या भिंतीने शेजाऱ्याच्या अंगणातलं जूनमधलं ऊन अडवायचं नाही. निदान तीन तास ऊन प्रत्येक घराला मिळालंच पाहिजे. ज्या मजल्यावर छत घातलेलं नाही, त्यालाही हा नियम लागू. शेटच्या चौथ्या मजल्यावर छत नाही.

मत आम्हा पाच नगरसेवकांना. मी आणि गुमेर्सिंदो मास्तर बाजूने. दोघं शेटचे. राहिले औषधवाले निकानोर. ते कोणाचेच नाहीत, स्वतःचेही नाहीत. २० जूनला मतदान.

आईचे तुला पापे.

एदेल्मिरा


आरिका
१५ मे

ताई,

मासे तू आईला सगळे देऊ नकोस, मीठ फार आहे त्यात.

तुझं पत्र दोनदा वाचलं. लहानपणी तू मास्तरीणबाईंनाच अभ्यास द्यायचीस, ती सवय गेली नाही म्हणायची. पण ताई, हे शाळेतलं भांडण नाही. शेटने वाल्तेरला काम दिलं, तेव्हा आमच्या चुलीवर नुसतं पाणी उकळत होतं. त्यांचे ट्रक आहेत, गोदामं आहेत, इथे बंदरात माणसं आहेत. तू एकटी काय करणार? आईला सीमा ओलांडून इकडे माझ्याकडे पाठवून दे ना. इथे समुद्र आहे, हवा उबदार आहे. घर विकून टाक. शेटच घेतील, चांगली किंमत देतील.

आणि घराचं दार रात्री नीट लावत जा. तो निळा दरवाजा जुना झालाय, त्याची खालची बिजागरी सुटलीये ना? ती बसवून घे.

मी हे सगळं तुझ्या भल्यासाठी सांगते. नियमबियम पुरुष मंडळी बघतील.

कासिल्दा


तोलाकोयो
२७ मे

कासिल्दा,

"शेटच घेतील, चांगली किंमत देतील." हे वाक्य तुझं नाही. तू माझी बहीण आहेस की त्यांची दलाल? नियमबियम पुरुष मंडळी बघतील म्हणे! मत द्यायची वेळ आली की पुरुष मंडळी टोपीकडे बघत बसतात. आणि बिजागरी सुटली ती या मार्चमध्ये. तू तर दोन वर्षांत इकडे फिरकली नाहीस. वाल्तेर बोलला असेल, पण तुम्हा नवरा-बायकोला माझ्या दाराची चर्चा करायला वेळ मिळतो, आणि आईची खुशाली विचारायला मिळत नाही.

असू दे. रागात लिहीत नाही. खरं म्हणजे घाबरून लिहिते आहे आणि दुसरं कोणी सांगायला नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी दार उघडायला गेले तर उघडेना. बाहेर विटांचा ढीग. अख्खी गाडी आमच्या दाराला टेकवून रिकामी केली होती. आई आत, मी आत. मी ओरडले. गल्लीत माणसं होती, मला त्यांची पावलं ऐकू येत होती. कोणी थांबलं नाही. शेवटी मास्तर आले आणि त्यांनी एकेक वीट उचलून बाजूला केली. दुपारी शेटचे गवंडी आले, हसत म्हणाले, "चुकून झालं हो बाई, पत्ता चुकला."

त्याच दिवसापासून त्यांनी चौथ्या मजल्यावरून दोराला एक बादली टांगली आहे. विटांनी भरलेली. ती बरोबर आमच्या अंगणावर लोंबते. वारा सुटला की हलते, दोर करकरतो. कोणी ती वर घेत नाही, खाली घेत नाही. आईला मी अंगणात जाऊ देत नाही, तर ती म्हणते, "उन्हाची पट्टी आली असेल गं, जाऊ दे मला." मी स्वयंपाक करताना कान त्या दोराकडे असतो.

पोलिसांना सांगितलं. हवालदार वर बघून म्हणाला, "बादलीच तर आहे."

तू म्हणतेस एकटी काय करणार. एवढं तरी लिहू नकोस.

एदेल्मिरा


आरिका
६ जून

ताई,

हे पत्र वाल्तेरकडे दिलेलं नाही. दवाखान्याच्या सिस्टर पेर्पेतुआ तुमच्याकडच्या मिशनमध्ये चालल्या आहेत, त्यांच्या झग्याच्या खिशात घालून दिलंय. यापुढे खरं काही लिहायचं असेल तर सिस्टरांकडेच दे.

आपली पत्रं फोडली जातात. वाल्तेर गोदामात आला की फाउस्तो, शेटचा इथला कारभारी, त्याच्यापुढे हात पसरतो आणि तो पत्र देतो. परत मिळतं तेव्हा पाकीट नुकतं चिकटवलेलं असतं. वाल्तेरने हे आपणहून सांगितलं नाही, विचारल्यावर कबूल केलं. मला आधी कळलं ते असं:

तुझं पहिलं पत्र हातात पडायच्या आदल्या दिवशी फाउस्तो माझ्या मासळीच्या गाळ्यावर आला. बरोबर एक जण, सारखा नखं बघणारा. बोनितो घेतला. मी मासा साफ करत होते, तर फाउस्तो म्हणाला, "तुमच्या आईसाहेब खोकल्या की कोंबडीचं नाव सांगतात म्हणे." माझ्या हातातला सुरा खाली पडला. मला वाटलं, त्यांची माणसं आपल्या घरात शिरलीत! मग म्हणाला, "निळा दरवाजा तुमचाच ना? खालची बिजागरी सुटलीये, बघायला सांगा." हसत होता. पैसे मोजून दिले, वर सुटे राहू द्या म्हणाला. दुसऱ्या दिवशी तुझ्या पत्रात कोंबडी वाचली आणि समजलं. बिजागरी त्यांच्या गवंड्यांनी बघितली असेल.

म्हणून मी तुला ते तसलं पत्र लिहिलं. ते फाउस्तोही वाचणार हे माहीत होतं. तू मला दलाल म्हणालीस, म्हण. पण बिजागरीचं लिहिलं ते तुला कळावं म्हणूनच. वाटलं होतं, ताई हुशार आहे, ताईला कळेल.

ताई, मी पाया पडते. सोड हा ठराव. वाल्तेरचा रस्ता तुला माहीत आहे. त्या माळावर दिवसभर दुसरी गाडी दिसत नाही.

तुझी कासिल्दा


तोलाकोयो
१४ जून

प्रिय कासिल्दा,

वाल्तेर निघाला आहे म्हणून घाईत चार ओळी.

तू म्हणालीस तेच बरोबर. आईची तब्येत पाहता मला ही दगदग झेपणार नाही. २० तारखेला मी आईला घेऊन ओरुरोच्या डॉक्टरांकडे जाते आहे, सभेला नसेन. परत आल्यावर राजीनामा देईन. मास्तरांना अजून सांगितलं नाही, त्यांना वाईट वाटेल. आबुंदियोशेटनी गावासाठी पुष्कळ केलं आहे, एका अंगणासाठी त्यांच्याशी वैर नको. घराचंही बघू.

आता निश्चिंत राहा.

तुझी ताई


आरिका
१८ जून, सिस्टरांकडून

ताई,

पत्र मिळालं. काल मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. फाउस्तो आज गाळ्यावरून गेला, टोपी काढून म्हणाला, "तुमच्या ताई शहाण्या आहेत." मी हो म्हटलं. नंतर गाळ्यामागे जाऊन रडले. का ते विचारू नकोस. तू माघार घ्यावीस म्हणून मीच तुझ्या पाया पडले होते, आणि तू घेतलीस तर मला लुक्रेसियाचं तोंड दिसायला लागलं.

पण जिवंत राहा तुम्ही सगळे. बाकी काही नको. वाल्तेर परवा पुन्हा माल घेऊन निघतोय, त्याच्याबरोबर आईला लोकरीचे मोजे पाठवते.

कासिल्दा


तोलाकोयो
२१ जून, सिस्टरांकडून

कासिल्दा,

ठराव मंजूर झाला.

मी ओरुरोला गेले नाही. चौदा तारखेचं पत्र मी तुला लिहिलं नव्हतं, फाउस्तोला लिहिलं होतं. ते वाचून शेट निर्धास्त झाले. त्यांच्या दोघांपैकी एक नगरसेवक जुन्या गाड्या खरेदी करायला इकिकेला निघून गेला. काल मी सभागृहात शिरले तेव्हा दुसऱ्याचा चेहरा बघायला हवा होतास. तो लगेच बाहेर फोनकडे धावला, पण मास्तरांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "सभा सुरू झाली, बसा." मी ठराव वाचला. माझा आवाज इतका कापत होता की नगराध्यक्षांनी दोनदा पुन्हा वाचायला लावला. हात वर करायची वेळ आली. मी आणि मास्तर, दोन. विरोधात एक. निकानोर टोपीच्या आत बघत बसले होते. त्यांना विचारलं, "तुमचं काय?" ते म्हणाले, "माझी तब्येत बरी नाही." दोनाला एक.

बाहेर लुक्रेसिया उभी होती. तिने माझा हात धरून मला घरापर्यंत आणून सोडलं.

आज पहाटे, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, गाव टेकडीवर जाऊन उगवत्या सूर्यापुढे हात पसरून उभं राहिलं, दरवर्षीसारखं. मीही गेले. हात पसरले आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं, त्याआधी नाही, शपथेवर सांगते: ते पत्र नेलं होतं वाल्तेरने.

शेटना आता वाटणार, वाल्तेर यात सामील होता.

तू लिहिलंस, तो परवा निघतोय. म्हणजे काल निघाला. त्याला अडव. नसेल अडवता येत तर कुठल्याही मार्गाने निरोप पाठव. मी इकडून मास्तरांना सीमेकडे पाठवते आहे. मला कळायला हवं होतं. मला कळायला हवं होतं.

एदेल्मिरा


आरिका
२७ जून

एदेल्मिरा,

वाल्तेर आलेला नाही.

ट्रक आला. दुसराच माणूस चालवत होता. गोदामात विचारलं तर म्हणतात, वाटेत स्वतःहून उतरला, दुसरी बाई असेल. माझे मोजे ट्रकच्या खिडकीत तसेच पडले होते.

काल फाउस्तो घरी आला. स्वयंपाकघरात बसला, खुर्ची ओढून. मी कॉफी ठेवली, त्याने तिला हात लावला नाही. तासभर तसाच बसून राहिला. मी भांडी घासत राहिले, घासलेलीच पुन्हा घासत राहिले, पाठ फिरवायची हिंमत होईना आणि तोंड करायचीही. जाताना म्हणाला, "तुमच्या ताई फार छान लिहितात."

तुझं पत्र मी सिस्टरांसमोर वाचलं. मला अडवायला सांगतेस? ते माझ्या हातात पडलं तेव्हा त्याला जाऊन पाच दिवस झाले होते.

तू मलाही फसवलंस. मी तुझ्यावर विश्वास ठेवून पोटभर जेवले. तुझं अंगण उबदार झालं असेल ना आता? बस तिथे.


तोलाकोयो
२ जुलै

कासिल्दा,

वाल्तेर जिवंत आहे. आधी हे वाचून घे, मग खाली बस आणि पुढचं वाच.

तो आमच्याकडे आहे, आईच्या खोलीत. मिशनची जीप इकडे येत होती, मास्तर त्यातून त्याला घेऊन आले.

सीमा ओलांडल्यावर दोघं जण त्याच्या ट्रकमध्ये चढले, एक डावीकडे, एक उजवीकडे. गाडी माळावर नेऊन थांबवली. माझ्या पत्राची करून ठेवलेली नक्कल त्याच्या छातीवर आपटली आणि म्हणाले, "तुझी मेहुणी आम्हाला गोष्टी सांगते काय?" त्याने मरियामातेची शपथ घेतली, त्याला खरंच काही माहीत नव्हतं. त्यांनी मारलं नाही. जाकीट काढायला लावलं. मग बूट. मग म्हणाले, "ऊन आवडतं ना तुमच्या घरात? उद्या सकाळी येईल." आणि गाडी घेऊन गेले.

संध्याकाळ होत होती. वारा कसा असतो तिथे, तुला ठाऊक आहे. तो म्हणतो, थांबलो असतो तर संपलो असतो, म्हणून चालत राहिलो, पाय कधी जड झाले आणि कधी कळेनासे झाले ते आठवत नाही. लामा जनावरं राखणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या कुत्र्यांनी त्याला आधी पाहिलं. त्याने आणि त्याच्या म्हातारीने त्याला आपल्या दोघांच्या मधे झोपवलं आणि सकाळी भिंतीशी उन्हात बसवलं. मास्तर वाडी-वाडीवर विचारत तिथे पोचले, तेव्हा तो तापात तुझं नाव घेत होता.

उजव्या पायाची दोन बोटं गेली. सिस्टर म्हणतात, पाय राहील.

आमच्यावरची बादली त्यांनी काढली. काम बंद आहे, शेट ओरुरोच्या कोर्टात गेले आहेत. काल चौकात समोरून आले. मी बाजूला व्हायला जागा शोधत होते, तर त्यांनीच टोपी उचलली आणि आईची तब्येत विचारली, अगदी मायेने. मी घरी येऊन दाराला आतून कडी लावली.

तू जे लिहिलंस ते मला मान्य आहे. वाल्तेर काल म्हणाला, "ताई, मला सांगितलं असतं तर मी त्यांच्यापुढे खोटं बोलू शकलो नसतो. पण सांगायला हवं होतं." मी मान डोलावली.

ये. सिस्टरांबरोबर ये, एकटी येऊ नकोस.

एदेल्मिरा


आरिका
७ जुलै

ताई,

येते आहे. हे पत्र सिस्टर पेर्पेतुआ पुढे घेऊन निघाल्या आहेत, मी शुक्रवारी मिशनच्या जीपमधून येते, दुसऱ्या दोन सिस्टरांच्या मधे बसून. गाळा शेजारणीला दिला. घराला कुलूप लावलं.

मी तुला माफ केलेलं नाही. ते येऊन बघू.

काल फाउस्तो पुन्हा आला. मी सामान बांधत होते. म्हणाला, "घाबरलात वाटतं?" मी म्हटलं, "हो. घाबरले. तुम्हाला बघितलं की हात थरथरतात, बघा." आणि त्याच्या तोंडासमोर हात धरले.  तो टोपी घालून निघून गेला.

वाल्तेरला सांग, मी दुसरे मोजे विणले आहेत.

कासिल्दा


तोलाकोयो
३ ऑक्टोबर

कासिल्दा,

तुम्ही राहायला गेलात त्या कोचाबांबाची हवा वाल्तेरच्या पायाला मानवते हे वाचून बरं वाटलं. गॅरेजमध्ये बसून काम करता येतं म्हणजे देवाची कृपा. तुझ्या पत्राची सुरुवात तू या वेळी "प्रिय ताई" अशी केलीस. मी ती ओळ आईला तीनदा वाचून दाखवली. ती म्हणाली, "बहिरी नाही मी."

कोर्टाने आपला नियम कायम ठेवला. शेटनी चौथा मजला उतरवायला घेतला आहे. तेच गवंडी, तीच माणसं, आता एकेक वीट खाली आणतात आणि माझ्याकडे बघत नाहीत. खालच्या तीन मजल्यांना आम्ही हात लावू शकलो नाही, त्यामुळे ऊन पूर्वीसारखं नऊला नाही येणार, अकराला येईल. लुक्रेसियाच्या घराला तर या नियमाचा काहीच उपयोग नाही, हॉटेल आधीच उभं आहे. तिला हे पहिल्यापासून माहीत होतं. मी विचारलं तर म्हणाली, "दुसऱ्या कोणाचं तरी बाळ असेलच ना." ती आता पोटुशी आहे. मास्तरांच्या वहिनीच्या घरात, उन्हाच्या बाजूला खोली घेतली आहे.

शेट नव्या निवडणुकीला स्वतः उभे राहणार म्हणतात. मी अजूनही भिंतीला पाठ लावूनच कपडे वाळत घालते.

एक गोष्ट सांगायची राहिली. मंगळवारी पाम्पाच्या माळरानाकडच्या एका गावातून एक मुलगी आली. नगरसेविका आहे, पंचविशीचीही नसेल. आमच्या नियमाची प्रत मागत होती. मी दिली. तिने ती घडी करून पोलक्याच्या आत ठेवली. मग बराच वेळ आपीचा पेला हातात फिरवत बसली. शेवटी म्हणाली, "आमच्याकडेपण असा एक शेट आहे." नाव घेतलं नाही. मीही विचारलं नाही.

जायला उठली तेव्हा मी मास्तरांना हाक मारली. आम्ही दोघं तिला बसपर्यंत सोडायला गेलो. ती खिडकीशी बसली. गाडी वळेपर्यंत मागे वळून बघत होती, आमच्याकडे नाही, आमच्या पाठीमागे कोणी उभं आहे का ते.

एदेल्मिरा